गावचे बंद घर, उभी गाडी आणि वायरलेस अलार्म : वारंवार खोटा वाजणे आणि ऐन वेळी गप्प राहणे यांवरील उपाय

नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्याकडे राहणाऱ्या आणि वर्षातून गणपती, शिमगा व मे महिन्याची सुट्टी एवढ्यापुरतेच कोकणातले घर उघडणाऱ्या अनेक कुटुंबांनी सिमकार्डावर चालणारा वायरलेस अलार्म बसवून घेतला आहे. दाराला मॅग्नेटचा सेन्सर, माजघरात हालचाल टिपणारा मोशन सेन्सर, माळ्यावर सायरन आणि कपाटामागे पॅनेल, म्हणजे सेन्सरचे इशारे घेऊन सिमवरून फोन लावणारे मुख्य यंत्र, अशी ही साधारण मांडणी असते, आणि तिच्याविषयीची तक्रारही सगळीकडे जवळजवळ सारखीच ऐकू येते. पहिले काही महिने सारे सुरळीत चालते, मग एखाद्या मध्यरात्री पॅनेलचा फोन येतो, शेजारी बिचारे बॅटरी घेऊन जाऊन पाहतात तर कुलूप जागच्या जागी असते. हे चार-पाच वेळा घडले की शेजारी कंटाळतात, घरमालक ओशाळतो आणि शेवटी कोणीतरी सायरनची वायर काढून ठेवतो. दुसरी तक्रार याच्या उलट दिसते : सहा महिन्यांनी घर उघडावे तर पॅनेलवरचा एकही दिवा पेटलेला नसतो आणि ते केव्हापासून बंद पडले हे कोणालाच सांगता येत नाही.

या दोन तक्रारी वेगळ्या धरून त्यांवर वेगवेगळे उपाय करत बसणे मला चुकीचे वाटते. खोटा वाजणारा अलार्म माणसेच बंद करतात, आणि बंद पडलेला अलार्म स्वतःहून तसे सांगत नाही. त्यामुळे काम दोन टप्प्यांत करावे लागते. आधी खोट्या इशाऱ्यांचे मूळ शोधून ते कायमचे काढायचे, आणि त्यानंतर पॅनेल जिवंत असल्याची खात्री ठरावीक काळाने आपल्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था लावायची. पहिला टप्पा टाळून केवळ महाग यंत्र आणले, तरी त्याच भिंतीवर, त्याच उन्हात आणि त्याच पावसात तेही तसेच वागते.

आधी नोंद, मग दुरुस्ती

खोटा इशारा आला की बहुतेक जण सेन्सरची संवेदनशीलता कमी करून मोकळे होतात. असे करण्याआधी निदान एक महिनाभर प्रत्येक इशाऱ्याची तारीख, वेळ, कोणता सेन्सर आणि त्या वेळचे हवामान एवढे चार तपशील वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवावेत. यासाठी प्रत्येक सेन्सर पॅनेलमध्ये स्वतंत्र झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, नोंदवलेला असला पाहिजे आणि त्या झोनला ‘मागचे दार’, ‘माळा’, ‘पडवी’ असे ओळखू येणारे नाव दिलेले असले पाहिजे. बसवणारा माणूस घाईत असेल तर सगळे सेन्सर एकाच झोनमध्ये टाकून जातो, आणि मग एसएमएस आला तरी नेमके काय वाजले ते कळत नाही. तसे झाले असेल तर सगळे सेन्सर पॅनेलमधून पुसून एकेक करून पुन्हा नोंदवणे हेच पहिले काम समजावे.

महिन्याभराच्या नोंदीतून बहुधा आपोआप एक आकृती उमटते. इशारे दुपारी एक ते चारच्या सुमारास येत असतील तर तापलेल्या पत्र्याकडे किंवा खिडकीतून आत सरकणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याकडे पाहावे. ठरावीक वेळी सकाळी येत असतील तर पूर्वेकडची खिडकी तपासावी. दिवेलागणीनंतर येत असतील तर वटवाघूळ, मांजर, पाल किंवा दिव्याभोवती जमणारे किडे यांची शक्यता मोठी. वारा सुटला की येत असतील तर दाराची खिळखिळी चौकट किंवा आत टांगलेला पडदा जबाबदार असतो. आणि वीज परत आल्याच्या क्षणी येत असतील तर सेन्सरला हातही लावू नये, कारण दोष अडॅप्टरमध्ये किंवा पॅनेलच्या बॅटरीमध्ये आहे. नोंद चालू असेपर्यंत शंकास्पद झोनचा सायरन बंद ठेवून फक्त एसएमएस येऊ द्यावा. बहुतेक पॅनेलमध्ये झोनवार तशी सोय असते, आणि शेजाऱ्यांची झोपही वाचते.

मोशन सेन्सर : सर्वाधिक बदनाम, आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी बसवलेला

हा सेन्सर स्वतः काहीही सोडत नाही. माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजेच साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी, तो पुढच्या पांढऱ्या भिंगातून गोळा करतो. त्या भिंगाला अनेक पैलू असतात आणि त्यांमुळे समोरची जागा पट्ट्यापट्ट्यांत विभागली जाते. एखादी उबदार वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली की सेन्सर इशारा देतो. एवढे लक्षात ठेवले की त्याचे निम्मे वागणे उलगडते. आडवे चालणारा माणूस त्याला चटकन दिसतो, थेट त्याच्याकडे चालत येणारा उशिरा दिसतो. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर दाराकडे तोंड करून बसवण्यापेक्षा कोपऱ्यात अशा रीतीने बसवावा की दारातून येणाऱ्याला त्याच्या नजरेसमोरून आडवे जावेच लागेल. उंची जमिनीपासून दोन-सव्वादोन मीटर ठेवावी.

कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत एक वेगळीच अडचण येते. बंद घराच्या आतल्या भिंती तापून माणसाच्या त्वचेच्या तापमानाजवळ पोहोचल्या की माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरकच उरत नाही आणि सेन्सरला माणूस नीट दिसत नाही. त्याच दिवसांत पत्र्याच्या पडवीत मात्र तो उगीचच वाजतो, कारण ढग आला-गेला की पत्रा झरझर थंड-गरम होतो आणि कौलांच्या फटींतून गरम हवेचे झोत आत शिरतात. त्यामुळे पत्र्याखाली मोशन सेन्सर बसवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे दाराचे मॅग्नेट पुरेसे आहे. पडवीत हालचाल टिपणे खरोखर गरजेचे असेल तर उष्णता आणि मायक्रोवेव्ह अशा दोन्ही पद्धतींनी पडताळून मगच वाजणारा, बाहेरच्या वापरासाठी बनवलेला सेन्सर घ्यावा.

आता झाकण उघडून आत काय सापडते ते सविस्तर सांगतो, कारण ही पाहणी फारसे कोणी करत नाही. पावसाळ्यानंतर सेन्सर भिंतीवरून उतरवून मागचा स्क्रू सैल केला की पुष्कळदा आत कोळिष्टक दिसते. भिंग आणि मधला गोल डोळा यांच्या दरम्यान ताणलेला एखादा धागा, त्याच्या टोकाला इवलासा कोळी, तळाशी वाळलेल्या डासांचा चुरा आणि वायरसाठी ठेवलेल्या भोकातून आत आलेल्या मुंग्यांची पांढरी अंडी असा तो सारा संसार असतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेला उंदीर सेन्सर कदाचित सोडून देईल, परंतु डोळ्यापासून बोटभर अंतरावर चालणारा किडा त्याला खोलीभर पसरलेल्या हालचालीएवढा मोठा भासतो. भिंगावर बाहेरून चिकटून बसणारी पालही हाच गोंधळ घालते. उपाय अगदी स्वस्त आहे. मऊ ब्रशने आतला कचरा काढावा, डोळ्याला बोट लावू नये, भिंग ओलसर कापडाने पुसावे आणि मागची सगळी भोके, वापरात नसलेलीसुद्धा, सिलिकॉनने बुजवावीत. भिंतीला टेकणाऱ्या वरच्या कडेलाही सिलिकॉनची रेघ ओढावी.

एवढे करूनही इशारे थांबले नाहीत तर आतल्या छोट्या जंपरकडे, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोपीकडे, वळावे. हालचालीची किती स्पंदने टिपल्यावर इशारा द्यायचा, एक की अधिक, याची निवड त्यावर असते. मांजराचा वावर असलेल्या घरात ही संख्या वाढवून ठेवणे योग्य. ‘पाळीव प्राणी चालतील’ असे लिहिलेले सेन्सरही मिळतात. ते ठरावीक वजनापर्यंतचा आणि जमिनीवरून चालणारा प्राणी सोडून देतात. मांजर माळ्यावरून किंवा कपाटावरून उडी मारत असेल तर त्या सोयीचा उपयोग होत नाही, कारण उंचावरचे मांजर सेन्सरच्या माणसासाठी राखलेल्या पट्ट्यांत येते.

चाचणी करताना एका गोष्टीने बरेच जण फसतात. बॅटरीवर चालणारा सेन्सर एकदा इशारा देऊन झाला की वीज वाचवण्यासाठी झोपी जातो आणि समोर काही मिनिटे सलग शांतता असल्याशिवाय पुन्हा जागा होत नाही. त्याच्यासमोर सतत फेऱ्या मारत ‘हा चालत नाही’ असा निष्कर्ष काढून चांगला सेन्सर टाकून दिला जातो. खोलीबाहेर जाऊन थांबावे आणि मग आत शिरावे, किंवा सेन्सरला चाचणीचा जंपर असेल तर तो लावून पाहावे.

दाराचा मॅग्नेट सेन्सर

चौकटीवर बसवलेल्या डबीत काचेच्या नळीतला एक नाजूक स्विच असतो आणि दारावरचे चुंबक जवळ असेपर्यंत तो एका स्थितीत राहतो. साध्या सेन्सरमध्ये हे अंतर एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे लागते. जुन्या घरांचे फणसाचे किंवा सागाचे दार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि बिजागरी झिजलेली असेल तर खालीही उतरते. मे महिन्यात नेमके बसवलेले अंतर जुलैत बदलते आणि वाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याला सेन्सर ‘दार उघडले’ असे कळवतो. म्हणून शक्य असेल तर हा सेन्सर पावसाळ्यातच बसवावा किंवा पुन्हा जुळवावा, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला पण वरच्या अंगाला लावावा, आणि दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नये. दमट हवेत ती पट्टी सुटते, चुंबक खाली पडते आणि रात्री दोन वाजता फोन येतो. लहान स्क्रू हाच खरा आधार.

लोखंडी दार, ग्रिल किंवा शटर असेल तर साधे मॅग्नेट लावणे व्यर्थ आहे, कारण चुंबकाची शक्ती सभोवतालच्या लोखंडातच शोषली जाते. शटरसाठी जाड धातूच्या कवचातला, अधिक अंतरावर चालणारा वेगळा सेन्सर मिळतो, तोच घ्यावा. लाकडाची किंवा प्लास्टिकची चकती मध्ये घालून साध्या सेन्सरला लोखंडापासून थोडे दूर ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते, परंतु शटर जिथे वाऱ्याने खडखडते तिथे ती टिकत नाही.

या सेन्सरमध्ये बहुधा ‘२३ए’ नावाची १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तिची क्षमता जेमतेम ५०-६० मिलिअँपिअर-तास असते, त्यामुळे बंद घरातही ती दर वर्षी, तारीख लिहून, बदलावी. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर नवी बॅटरी घालूनही सेन्सर लंगडतच राहतो. तो थर खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वीज, अडॅप्टर आणि पॅनेलची बॅटरी

पॅनेल अधूनमधून स्वतःहून बंद होऊन चालू होत असेल, कॉल लागता लागता तुटत असेल किंवा वीज आल्याबरोबर खोटा इशारा येत असेल तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. जीएसएम मॉड्यूल, म्हणजे पॅनेलमधला सिमवरून फोन लावणारा भाग, शांत असताना फार थोडी वीज घेते, परंतु टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. स्वस्त अडॅप्टरवर २ अँपिअर छापलेले असले तरी त्या झटक्याला त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि पॅनेल रीसेट होते. मल्टिमीटरने मोजताना पॅनेल नुसते चालू असताना नव्हे, तर ते कॉल करत असताना व्होल्टेज पाहावे. त्या वेळी तो लक्षणीय खाली येत असेल तर अडॅप्टर बदलावा आणि मध्ये लांब, बारीक वायर जोडलेली असेल तर तीही काढावी.

पॅनेलच्या आतली छोटी बॅटरी काही तासांपुरतीच असते. वळवाच्या वादळात झाड पडून तारा तुटल्या की खेड्यातली वीज एक-दोन दिवसही जाऊ शकते, आणि चोरालाही नेमकी हीच वेळ सोयीची असते. ज्या पॅनेलला बाहेरून १२ व्होल्ट देता येतात त्याला ७ अँपिअर-तासाची बंदिस्त लेड-अॅसिड बॅटरी आणि योग्य चार्जर जोडावा. पॅनेल सरासरी १०० मिलिअँपिअर घेत असेल तर हिशेबाने ७० तास निघतात, प्रत्यक्षात ५० धरावेत. ही बॅटरी सतत जोडलेली ठेवायची असल्याने चार्जरचा व्होल्टेज १३.५ ते १३.८च्या दरम्यान हवा. पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने तशीच पडली तर ती कायमची खराब होते, आणि उष्ण हवेत चांगली वापरूनही दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

विजांच्या कडकडाटात अडॅप्टर आणि पॅनेल दोन्ही एकदम जळण्याचे प्रकार कोकणात नेहमीचे आहेत. विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावावा, पण घराचे अर्थिंग धड नसेल तर त्याला फारसा अर्थ राहत नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

सिमकार्ड : गप्प पडलेल्या पॅनेलचे सर्वांत साधे कारण

अनेक स्वस्त पॅनेलमधले मॉड्यूल फक्त टूजीवर चालते. जिओच्या जाळ्यात टूजी सेवाच नाही, त्यामुळे त्या कंपनीचे सिम अशा पॅनेलमध्ये कधीही नोंदले जात नाही, मग फोनवर कितीही चांगली रेंज दिसो. नवीन पॅनेल घेताना ते फोरजीवर कॉल करू शकते का हे विचारून घ्यावे. केवळ फोरजीवर इंटरनेट चालणे वेगळे आणि कॉल जाणे वेगळे. सिम पॅनेलमध्ये घालण्यापूर्वी साध्या फोनमध्ये घालून त्याचा पिन लॉक काढावा, जुने एसएमएस पुसावेत आणि शिल्लक तपासावी. मेमरी भरलेल्या सिमवर काही पॅनेल नव्या आज्ञा स्वीकारत नाहीत.

रिचार्जची मुदत संपणे हे तर घराघरांत घडते. डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ कॉल आणि एसएमएससाठीचे, म्हणजे डेटा नसलेले, रिचार्ज उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. साध्या अलार्म पॅनेलला डेटा लागतच नाही, त्यामुळे वर्षभराचा असा रिचार्ज हा त्याच्यासाठी सर्वांत योग्य. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस मुळीच वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, हेही ध्यानात ठेवावे. पॅनेलकडून महिन्यातून एखादा एसएमएस जात राहिला की ही भीती उरत नाही.

रेंजविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. पावसात रेंज जाते असे सर्रास म्हटले जाते, परंतु ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा अडथळा नगण्य असतो. रेंज जाते ती बहुतेक वेळा टॉवरची वीज जाऊन त्याच्या बॅटऱ्या उतरल्यामुळे. हे कारण घरात बसून दुरुस्त होणारे नाही. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम घेता येईल असे दोन सिमांचे पॅनेल, किंवा निदान त्या वाडीत वीज गेल्यावरही ज्या कंपनीची रेंज टिकते तिचे सिम. ही माहिती गावात राहणाऱ्यांना पक्की असते, त्यांनाच विचारावी. चिऱ्याच्या जाड भिंतीआड कपाटात ठेवलेल्या पॅनेलला मात्र बारा महिने रेंज कमीच मिळते. स्थिती विचारणारा एसएमएस पाठवल्यावर काही पॅनेल सिग्नलचा आकडा ० ते ३१ या मापात कळवतात; तो १०च्या खाली असेल तर अँटेना तीन मीटर वायरीने खिडकीच्या वर न्यावी.

सेन्सर ते पॅनेल

सेन्सर आणि पॅनेल यांच्यातला संवाद बहुतेक स्वस्त संचांत ४३३ मेगाहर्ट्झवर आणि एकाच दिशेने चालतो. सेन्सर बोलतो, पॅनेल ऐकते. ‘ऐकू आले’ असे पॅनेल कधी सांगत नाही आणि सेन्सर मेला तरी त्याला कळत नाही. खोक्यावर लिहिलेला १०० मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. दोन चिऱ्याच्या भिंती आणि मध्ये पत्र्याचे दार आले की तो २०-३० मीटरवर येतो. दूरच्या मांगरातला (शेतघरातला) सेन्सर कधी लागतो, कधी लागत नाही, अशी तक्रार असेल तर पॅनेल घराच्या मध्यावर, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर हलवून पाहावे. पॅनेलशेजारीच एलईडी दिव्याचा किंवा सौरदिव्याचा स्वस्त ड्रायव्हर असेल तर त्याच्या विद्युत गोंगाटानेही पल्ला घटतो; तो दिवा बंद करून चाचणी घेतली की लगेच कळते.

शेजारच्या घरातल्या रिमोटने आपला अलार्म बंद-चालू होतो, असे सांगणारेही भेटतात, आणि ते खोटे नसते. जुन्या पद्धतीच्या रिमोटांत कोड सोल्डरच्या ठिपक्यांनी ठरवलेला असतो आणि कारखान्यातून आलेला कोड कोणी बदलत नाही. असे रिमोट बदलून टाकावेत. प्रत्येक दाबाला कोड बदलणारे, म्हणजे रोलिंग कोडचे रिमोट घ्यावेत, कारण स्थिर कोड हवेतून टिपून पुन्हा वापरता येतो.

घर चार महिन्यांहून अधिक काळ सलग बंद राहणार असेल तर मी दुहेरी संवाद करणारा, सेन्सरची हजेरी नियमित घेणारा संच सुचवतो, जरी तो दुपटीहून महाग पडला तरी. ते परवडत नसेल तर हजेरी आपणच घ्यावी लागते. दर रविवारी पॅनेलला स्थिती विचारणारा एसएमएस पाठवणे आणि महिन्यातून एकदा गावातल्या माणसाने दार उघडून प्रत्येक सेन्सरसमोरून चालणे, एवढे तरी ठरवून ठेवावे. वीज गेली आणि आली हे दोन्ही कळवणारी सूचना पॅनेलमध्ये बंद केलेली असेल तर ती चालू करावी. तिचा त्रास होतो हे खरे, पण बंद घरातले पॅनेल अजून शुद्धीवर असल्याचा तो फुकट मिळणारा पुरावा आहे.

अंगणात उभी असलेली गाडी

गाडीच्या अलार्मची व्यथा वेगळी आहे : तो स्वतःच गाडीची बॅटरी पितो. लहान पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. गाडीचे स्वतःचे संगणक, बाजारातून बसवलेला अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील तर रोज १.२ अँपिअर-तास जातात आणि जवळपास दोन आठवड्यांत बॅटरी निम्मी होते. त्यानंतर व्होल्टेज इतका घसरतो की काही अलार्म त्या घसरणीलाच घुसखोरी समजून वाजू लागतात, उरलेली वीज सायरनमध्ये जाते आणि गाडी पूर्ण मुकी होते. ‘रात्री गाडी आपोआप बोंबलते आणि सकाळी स्टार्ट होत नाही’ ही तक्रार आली की मी सर्वप्रथम बॅटरीचा व्होल्टेज विचारतो. १२.६च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९च्या खाली म्हणजे रिकामीच.

चोरटा खर्च किती आहे ते मोजता येते. बॉनेट उघडे ठेवून, दारे लॉक करून अर्धा तास थांबावे, म्हणजे गाडीचे संगणक झोपतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये जोडावा. वायर काढली-जोडली की संगणक पुन्हा जागे होतात, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत पुन्हा थांबावे. मीटर मध्ये असताना दार उघडू नये आणि किल्ली तर मुळीच फिरवू नये, कारण मीटरचा फ्यूज जाईल. मग एकेक फ्यूज काढून आकडा कोणत्या फ्यूजला उतरतो ते पाहावे. ज्यांना एवढे नको त्यांनी चार्ज कंट्रोलरसह १० वॉटचे सौरपॅनेल उन्हात ठेवून बॅटरीला जोडावे, आणि पावसाळ्यात त्यावर भरवसा न ठेवता शेजाऱ्याकडून पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास चालवून घ्यावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन फिरवण्याने सुरू करताना गेलेली वीजही धड भरून निघत नाही.

दुचाकीत हा प्रश्न अधिक तीव्र असतो. स्कूटरच्या ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर १२ मिलिअँपिअर खाणारा अलार्मही पंधरवड्यात तिला रिकामी करतो. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर अलार्मची वायर काढून ठेवून जाड साखळी आणि डिस्क लॉक लावणे अधिक शहाणपणाचे.

धक्क्याने वाजणारा सेन्सर असेल तर गाडी कुठे उभी आहे ते पाहावे. माडाखाली उभ्या गाडीवर झावळी किंवा नारळ पडला तर अलार्म वाजणारच, आणि त्या वेळी अलार्मपेक्षा काचेची काळजी मोठी असते. मेघगर्जना आणि रस्त्यावरून जाणारे चिऱ्यांचे ट्रक यांनीही तो वाजतो. संवेदनशीलतेचा छोटा स्क्रू थोडा थोडा फिरवून, मुठीने काचेवर टकटक करत तो जुळवावा. उंदरांनी बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या असतील तर बॉनेटचा स्विच वारंवार ‘उघडे’ दाखवतो, तेवढी एक तपासणी विसरू नये.

शेतावरची मोटार आणि केबल यांसाठीही हेच पॅनेल वापरता येते, पण तिथे वायरलेस सेन्सरपेक्षा केबलबरोबर टाकलेली बारीक जोडवायर आणि पॅनेलचा वायरवाला झोन अधिक भरवशाचा. केबल कापली की जोडवायरही तुटते आणि फोन येतो. पावसात खोटे इशारे आले तर जमिनीतले सांधे उघडून ते जेलभरल्या कनेक्टरने पक्के करावेत. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा एक पावसाळाही काढत नाही.

फोन कोणाला जावा, सायरन किती वाजावा

पॅनेलमधला पहिला क्रमांक ५०० किलोमीटरवरच्या घरमालकाचा असणे निरुपयोगी आहे. पहिला क्रमांक वाडीतल्या अशा माणसाचा असावा जो पाच मिनिटांत अंगणात पोहोचू शकतो, दुसरा घरमालकाचा. दोघांच्याही फोनमध्ये पॅनेलचा क्रमांक नावासह साठवलेला असावा आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून तो वगळलेला असावा, अनोळखी क्रमांक आपोआप अडवणाऱ्या फोनमध्ये खरा इशाराही अडकून पडतो. वाडीतल्या माणसाने एकट्याने आत शिरू नये, बाहेरूनच पाहून संशय आल्यास ११२वर फोन करावा, हे त्याला आधीच स्पष्ट सांगितलेले असावे. तो आपला घरगडी नाही, तो आपल्यासाठी झोपमोड करून घेतो, तेव्हा प्रत्येक खोट्या इशाऱ्यानंतर त्याला फोन करून कारण सांगणे हे आपले कर्तव्यच आहे. कारण कळले की तो पुढच्या वेळीही उठतो.

सायरनचा कालावधी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि हे सायरन तिच्या कितीतरी वर जातात. शिवाय अर्धा तास ठणाणा करणारा सायरन बॅटरीही संपवतो. एकाच सेन्सरवर फक्त फोन, आणि दोन वेगळ्या सेन्सरांनी थोड्या वेळाच्या अंतराने इशारा दिला तरच सायरन, अशी मांडणी पॅनेलमध्ये करता येत असेल तर ती अवश्य करावी. मांजर माळ्यावरच राहते; दार उघडून आत आलेला माणूस आधी मॅग्नेट आणि मग मोशन सेन्सर अशा दोघांनाही सापडतो. वाडीतल्या माणसाकडे एक रिमोट देऊन ठेवावा, आणि तो कधी हरवला तर नवा नोंदवण्यापूर्वी पॅनेलमधले सगळे जुने रिमोट पुसून टाकावेत, कारण नुसता नवा नोंदवल्याने हरवलेला रिमोट बाद होत नाही.